दसरा ते दिवाळी: डबा कुणाच्या हातचा?

पत्राचा सारांश: मूळ घर चिकोडी तालुक्यात आणि संसार बेळगाव शहरात असलेल्या एका ५२ वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई, पती, मुलगा आणि गेल्या मे महिन्यात लग्न होऊन आलेली सून आहे. सून बैलहोंगलकडची, कन्नडभाषक घरातील असून बँकेत नोकरी करते. दरवर्षी दसऱ्यापासून घरात तळणी सुरू होते आणि पुणे, गोवा व बेंगळुरू येथे राहणारे दोन दीर आणि एक नणंद यांच्याकडे फराळाचे डबे जातात. सासूबाईंचे गुडघे आणि मनगटे आता साथ देत नाहीत, त्यामुळे सगळा भार या भगिनीवर आला आहे. यंदा गणपतीला सारे कुटुंब जमले असताना त्यांनी सांगितले की या वर्षी फराळ विकत आणायचा. तेव्हापासून सासूबाई मोजकेच बोलतात. ‘माझ्या माघारी काय ते करा’ एवढेच एकदा म्हणाल्या. त्यातच सुनेने पंचमीला माहेरहून आणलेल्या कडक भाकऱ्यांचा डबा ‘आपल्यात हे नसतं’ असे म्हणून त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिला. फराळ सुनेने शिकावा असा मात्र त्यांचा आग्रह आहे. माप विचारले तर ‘अंदाजानं’ हे एकच उत्तर मिळते. मे महिन्यात पुण्याला गेल्यावर या भगिनीला दिवाळीतील चकल्यांची पिशवी तशीच बांधलेली दिसली. ‘घराची रीत मोडल्याचा दोष माझ्याकडे येईल का?’ असे त्या विचारतात. शेवटी त्यांनी चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात, हेही विचारले आहे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न असा मांडला आहे की फराळ घरी करावा की विकत आणावा. पत्र पुन्हा वाचले तेव्हा मला वाटले की तुमचा थकवा, सासूबाईंचा अबोला आणि फळीवरचा तो डबा या तीन निरनिराळ्या गोष्टींना तुम्ही एकच नाव दिले आहे, आणि म्हणूनच कोणतेही उत्तर तुम्हाला पुरे पडत नाही. फराळ विकत आणला तर थकवा कमी होईल, पण अबोला वाढेल. घरी केला तर अबोला कदाचित सुटेल, पण कार्तिक उजाडेपर्यंत तुम्ही अंथरुणाला खिळाल. आणि फळीवरचा डबा दोन्ही वेळा तिथेच राहील. तेव्हा या गोष्टी वेगवेगळ्या करून पाहू.

आधी अबोला. फराळ विकत आणण्याचा विचार चुकीचा होता असे मला वाटत नाही. पण तो सांगितला कुठे, याकडे पुन्हा एकदा पाहावे. गणपतीच्या जेवणाच्या पंक्ती उठत असताना, दीर, जावा, नणंद, नव्या सुनेचे माहेरचे लोक, या सगळ्यांसमोर तुम्ही तो जाहीर केला. तुम्ही पतसंस्थेत काम करता. एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला वार्षिक सभेत, सभासदांच्या समोर, आधी एका शब्दाची कल्पना न देता निवृत्तीचे पत्र वाचून दाखवले तर त्याला काय वाटेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला असेल. पत्रात तुम्ही लिहिता की सासूबाईंना ‘चवीचा हट्ट’ आहे. मला तो हट्ट चवीचा वाटत नाही. ज्या घरात पन्नासएक वर्षे मिठाचा शब्दही त्यांचाच होता, त्या घरात आता आपले मत विचारले जाणार नाही, ही ती भीती असावी. म्हणून पहिले काम हे की एखाद्या दुपारी, घरात दोघीच असताना, त्यांच्याजवळ बसून सरळ विचारावे: ‘आई, या वर्षी तुमच्या नजरेखाली कोणते दोन-तीन पदार्थ व्हायलाच हवेत? बाकीच्यांचं आपण काहीतरी बघू.’ फराळ विकतचा की घरचा, असे त्यांना विचारू नये. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर असणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीतकाविषयी. ‘आमच्याकडे आजवर सगळे घरीच होत आले’ असे तुम्ही लिहिता, आणि हे वाक्य मला सीमाभागातील अनेक भगिनींच्या पत्रांत भेटते. ते खरोखर तसे होते का? मांडे आपल्याकडे घरोघरी कधीच होत नव्हते. ती पुरीएवढी पारी हातावर लांबवत उपड्या घातलेल्या तापल्या भांड्यावर पसरण्याची कसब मोजक्या हातांकडे असायची, आणि लग्नाच्या रुखवतासाठी मांडे त्यांच्याकडूनच यायचे. कुंदा ही दुधाची मिठाई मिठाईवाल्याकडची, डिंक-सुक्यामेव्याचे करदंट गोकाकचे. नानकटाईसाठी तर मैदा, तूप आणि साखर घरून नेऊन बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची चाल आपल्याकडच्या अनेक गावांत होती, आणि त्या नानकटाईला कुणी ‘विकतची’ म्हणत नसे. जे घरी व्हायचे तेही एकटीच्या हातून होत नव्हते. गल्लीतल्या चार बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा फिरत्या पाळीने करंज्या भरायला बसत. एकत्र कुटुंबात जावा असत, आत्या असत, लाटायला पोरीबाळी असत. संध्याकाळी सहा वाजता कार्यालयातून येऊन, ओट्यासमोर एकटीने उभे राहून, चार घरांचा फराळ तळणारी बाई ही जुन्या रीतीत कुठेच बसत नाही. रीत मोडल्याचा दोष तुम्हाला येईल का, असे तुम्ही विचारता. ती मोडून बरीच वर्षे झाली आहेत आणि तिचा उरलेला भार तुमच्या एकटीच्या मनगटावर आलेला आहे, असे माझे मत आहे.

तसेच ते डबे. पुण्यातील ती बांधलेली पिशवी पाहून तुम्हाला राग आला आणि तो तुम्ही गिळलात. त्या पिशवीने तुम्हाला एक उपयोगी माहिती दिली आहे, ती वाया घालवू नये. दोन्ही दिरांना आणि नणंदेला आत्ताच, दसऱ्याच्या आधी, फोन करून विचारावे की घरी खरोखर काय खाल्ले जाते आणि किती. संकोच वाटत असेल तर हा फोन तुमच्या पतींनी करावा. भाऊ-बहीण त्यांचे आहेत. माझा अनुभव असा की चार जणांच्या घरात पंचवीस चकल्या, अर्धा किलो चिवडा आणि एखादी गोड वस्तू एवढ्यावर दिवाळी आनंदाने होते. शिवाय तळलेला पदार्थ महिनोन्‌महिने टिकत नाही. चिवड्यातील शेंगदाणे आणि सुके खोबरे यांतील तेलाला हवेचा संसर्ग होऊन वास येऊ लागतो, आणि खवटपणा आला की तो कशानेही जात नाही. दूरच्या डब्यातील चिवड्यात खोबऱ्याचे काप घालूच नयेत. डाळे भरपूर घालावे. करंजीचे सारण ओल्या नारळाचे असेल तर ती दोन दिवसांत संपवावी लागते, म्हणून ती घरी खाण्यापुरतीच करावी. डबा जितका लहान, तितका तो संपण्याची शक्यता अधिक.

मग घरी काय ठेवावे? याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल. मी फक्त माझी कसोटी सांगते. ज्या पदार्थाची चव त्याच्या मूळ तयारीत असते, तो घरी ठेवावा. ज्याची चव केवळ कष्टात असते, तो बाहेर द्यावा. शेव, शंकरपाळी, बुंदीचे लाडू हे चांगल्या हातचे मिळाले तर घरच्यापेक्षा वेगळे कळतही नाहीत. चकलीचे तसे नाही. चकली ही भाजणीत असते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, त्यात धने-जिरे, हे सगळे वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे. डाळीचा रंग किती बदलला की थांबायचे, हे सासूबाईंनी खुर्चीवर बसून सांगायचे. भाजणी दळून आणावी, आणि तळणी बाहेर द्यायची असेल तर ही भाजणी त्या बाईंना नेऊन द्यावी. बेकरीत नेलेल्या नानकटाईच्या सामानाची ही चाल पुन्हा सुरू करायला काहीच हरकत नाही. आश्विनात आपल्याकडे परतीचा पाऊस दुपारी कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून धुतलेले तांदूळ-डाळी केवळ उन्हाच्या भरवशावर ठेवू नयेत. सावलीत पंख्याखाली सुकवून भाजताना उरलेला ओलावा घालवावा.

अनारशांबद्दल माझे मत पक्के आहे: ते घरीच करावेत किंवा करूच नयेत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अनारशांत तांदूळ पुरता मुरलेलाच नसतो. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, चौथ्या दिवशी निथळून, दमट असतानाच दळायचे, वजनाला सारखा गूळ घालून पीठ डब्यात मुरवत ठेवायचे. यात बळ फारसे लागत नाही, लक्ष लागते. आणि लक्ष देण्यासाठी तुमच्या सासूबाईंकडे वेळ आहे. एक किलोऐवजी पाव किलो तांदळाचे करावेत. हे पीठ त्यांच्या ताब्यात द्यावे. अनारसा तेलात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पीठ सैल झाले आहे की गूळ अधिक झाला आहे, हे त्यांनीच ठरवावे आणि मुरलेल्या पिठात चमचाभर कोरडे तांदूळपीठ मिसळायचे की नाही तेही त्यांनीच सांगावे. (चिरोट्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ज्या घरात माणसे कमी आहेत तिथे चिरोट्यांचा नाद सोडावा, असे मी न विचारता सांगते.)

दसऱ्यापासून अमावास्येपर्यंत वीस दिवस मिळतात, आणि ते सगळे शेवटच्या पाच दिवसांत कोंबले जातात म्हणून जीव जातो. धान्य निवडणे, धुणे आणि भाजणे कोजागरीपर्यंत उरकावे. अनारशांचे तांदूळ कोजागरीच्या सुमारास भिजत घालावेत, म्हणजे वसुबारसेला पीठ हाताशी येते. चकल्या आणि चिवडा कोजागरीनंतर, दूरचे डबे धनत्रयोदशीपूर्वी पोहोचतील अशा बेताने. करंज्या सर्वांत शेवटी, एका रविवारी, घरातील सगळ्यांनी मिळून. चिवडा पूर्णपणे तुमच्या पतींकडे द्यावा: पातळ पोहे मंद आचेवर परतून कुरकुरीत करणे आणि वरून फोडणी घालणे यात असे काही नाही की जे त्यांना जमणार नाही. चकलीचा सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो. तो मुलाकडे आहे. ‘त्याला सवय नाही’ असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. सवय सुनेलाही नव्हती, आणि तिच्याकडून मात्र ती अपेक्षिली जाते. खर्चाचेही बोलून घ्यावे. तूप, डाळी, तेल यांचे भाव पाहता चार घरांच्या फराळाचा खर्च एका घराने सोसावा, हे योग्य नाही. हिशेब लिहून दिरांना पाठवण्यात कोणताही कमीपणा नाही, आणि हेही काम पतींचेच.

मापाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. ‘अंदाजानं’ असे सांगणारी बाई काही लपवत नसते; तिच्या हाताला जे ठाऊक आहे ते तिला आकड्यांत सांगता येत नाही. तेव्हा तिला विचारू नये, तिच्याभोवती मोजावे. डबा आधी काट्यावर ठेवून वजन टिपावे, त्यांना हव्या तशा मुठी भरून घेऊ द्याव्यात, आणि नंतर डबा पुन्हा वजन करावा; जे कमी झाले तेच माप. सासूबाई मापट्याने किंवा चिपट्याने मोजत असतील, तर त्यांचेच मापटे तांदळाने एकदा आणि डाळीने एकदा भरून वजन लिहून ठेवावे. चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे हे सगळ्यांना पाठ असते. पण शेर सगळीकडे सारखा नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातील शेर तुमच्या घरच्या मापट्याला लागू पडेलच असे नाही. वजनाच्या जोडीला त्यांचे बोलणेही जसेच्या तसे लिहावे. ‘तेलाचं बोलणं थांबलं की काढ’ हे वाक्य कोणत्याही तापमानाच्या आकड्यापेक्षा सुनेच्या अधिक उपयोगी पडेल. ही वही सुनेने लिहावी, आणि तिला ज्या लिपीत सोपे जाईल त्या लिपीत लिहावी. कन्नडमध्ये लिहिलेली चकली कमी कुरकुरीत होत नाही.

आता फळीवरच्या डब्याकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या अडचणीचा अर्धा उपाय त्याच डब्यात आहे.

‘आपल्यात हे नसतं’ हे सासूबाईंचे म्हणणे तुम्ही मान्य करून टाकले आहे आणि सुनेला कसे समजवावे एवढेच विचारले आहे. पण ते म्हणणे तपासून पाहायला हवे. बेळगाव जिल्ह्यात कोणत्या घरी कोणती भाकरी, हे भाषेने फारसे ठरत नाही. ते पावसाने ठरते. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस मुसळधार, तिथे भात आणि नाचणी. म्हणून भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. पूर्वेकडे जावे तसा पाऊस आटत जातो, काळी जमीन लागते, रब्बीची ज्वारी येते. तिथे अथणीचे मराठी घर असो की बैलहोंगलचे कन्नड घर असो, तव्यावर ज्वारीचीच भाकरी असते. चिकोडीच्या तुमच्या सासूबाई या बाबतीत खानापूरच्या मराठी शेजारणीपेक्षा आपल्या नातसुनेच्या अधिक जवळ आहेत. त्या लहान होत्या तेव्हा बेळगाव, विजापूर आणि धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले म्हणून चुलीवरची भाकरी बदलली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीने जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शिदोरीत वाळवलेली भाकरी आणि कोरडी चटणी असायचीच, कारण वाटेत टिकणारे दुसरे काय असणार? सासूबाईंना हे विचारून पाहावे, सुनेसमोर: ‘तुम्ही लहानपणी जत्रेला जाताना बरोबर काय बांधून घेत होता?’ उत्तर काय येईल ते मी सांगत नाही. पण त्या उत्तरानंतर फळीवरचा डबा खाली काढणे सोपे जाईल, असा माझा कयास आहे.

कडक भाकरी ही सोपी वस्तू नाही, आणि ती येत असलेली सून घरात असणे ही मोठी गोष्ट आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळते पाणी घालून ते बांधून घ्यावे लागते. पीठ ताजे दळलेले हवे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. रोजच्या भाकरीपेक्षा ती किती तरी पातळ थापायची, तव्यावर भाजून फुगवायची, आणि मग मंद आचेवर कापडाने दाबत दाबत तिच्यातील पाण्याचा अंश पुरता घालवायचा. पाणी उरले नाही की बुरशीला जागा उरत नाही; म्हणून ती कोरड्या डब्यात महिनाभरही राहते. खाताना मऊ हवी असेल तर पाणी शिंपडून ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळावी. उत्तर कर्नाटकातील गावोगावी आज कित्येक बायका अशा भाकऱ्या शेकड्यांनी करून विकतात आणि त्यावर घर चालवतात.

आता तुमच्या दूरच्या डब्यांचा विचार करा. तेलकट नाही, खवट होत नाही, गोड नाही, पुण्यातील आणि बेंगळुरूतील मुलांना रोजच्या जेवणात खाता येते. दहा-बारा कडक भाकऱ्या, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, आणि गोडासाठी पुरणपोळीऐवजी शेंगदाण्याची पोळी. पुरणात शिजलेल्या डाळीचे पाणी असते, त्यामुळे ती पोळी दोन दिवसांपलीकडे पाठवता येत नाही. शेंगदाण्याच्या पोळीचे सारण भाजलेले दाणे, तीळ आणि गूळ असे कोरडे असते, त्यामुळे तूप न लावता भाजलेली पोळी आठवडाभर सहज राहते. तुमच्या सुनेच्या माहेरी ही पोळी सणाला होत असणार. दाण्यांची मात्र एक काळजी घ्यावी. आश्विनात बाजारात येणाऱ्या नव्या शेंगा ओलसर असतात. दाणे चांगले वाळवून, मंद आचेवर आतपर्यंत भाजावेत, आणि काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास असलेला दाणा कितीही जिवावर आले तरी फेकून द्यावा. एक कुजका दाणा सगळी चटणी कडू करतो, आणि अशा बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही.

आश्विन पौर्णिमा आपल्याकडे कोजागरी. तुमच्या सुनेच्या माहेरी तीच शीगी हुण्णिमे. त्या दिवशी शेतकरी कुटुंबे शेतात जातात, उभ्या पिकाची पूजा करतात, शिजवलेल्या अन्नाचा चरग, म्हणजे भूमीचा नैवेद्य, रानात शिंपडतात आणि मग तिथेच बसून भाकरी, कडबू, भाजी, चटणी खातात. शहरात शेत नसले तरी त्या दिवशीचे दुपारचे जेवण पूर्णपणे सुनेकडे सोपवावे, आणि रात्रीचे आटीव दूध सासूबाईंकडे. दोघींचा सण एकाच तिथीला येतो आणि एकीच्या वेळेत दुसरी येत नाही. मात्र ‘आज सूनबाई तिच्याकडचं करणार आहे’ अशी घोषणा पुन्हा सगळ्यांसमोर करू नये. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगावे आणि कडबूचे पुरण चाखून बघायला बोलवावे. नवरात्रात आणलेली रताळी उरली असतील तर त्यांच्या घाऱ्या त्याच दिवशी करून टाकाव्यात; बेळगावच्या लाल मातीतील रताळ्यांना साखरसुद्धा कमी लागते.

सुनेविषयी आणखी एक. फराळ तिने शिकावा, असा आग्रह तुम्ही आणि सासूबाई दोघींनी धरला आहे, तो प्रेमाचाच आहे. पण ती बँकेत नोकरी करते, आणि तुमच्याच वाटेने निघाली तर वीस-पंचवीस वर्षांनी असेच एक पत्र ती लिहील. तिला एकाच वर्षी सगळे शिकवू नये. या वर्षी भाजणी शिकावी, एवढे पुरे. आणि तिच्याकडून तुम्ही कडक भाकरी शिकावी; शिकणे एकाच बाजूने झाले की ते ओझे वाटू लागते.

विकत घ्यायचे ते कुणाकडून, हेही तुम्ही विचारता. गल्लीतील एखादी ओळखीची बाई किंवा जवळचा स्त्रीशक्ती संघ (बायकांचा बचत गट) पाहावा, आणि मागणी दसऱ्यालाच नोंदवावी, कारण शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचीच घाई असते आणि मग जुन्या तेलात तळणी होते. आधी पावशेर नमुना घ्यावा. बोटाला तेल लागते का, वास कसा आहे, घशाशी येते का, हे पाहावे. कोणत्या तेलात तळता आणि ते किती वेळा वापरता, असे विचारायला संकोचू नये. ज्यांचे काम स्वच्छ असते त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. भावात घासाघीस मात्र करू नये. स्वतःच्या मनगटाची किंमत आत्ता कुठे तुम्हाला कळू लागली आहे. त्या बाईच्या मनगटाचीही तीच आहे.

इतके करूनही सासूबाई बोलल्या नाहीत तर? शक्य आहे. ७८ व्या वर्षी माणूस एका दुपारीत बदलत नाही. तरी अनारशांचे पीठ त्यांच्याकडे द्यावेच आणि रोज एकदा त्याविषयी विचारावे. बाकीचे बोलणे आपोआप येईल किंवा यायला वेळ लागेल. तोपर्यंत तुमचा निर्णय मागे घेण्याची गरज नाही.

राहिल्या चकल्या. दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडतात याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आच मोठी होती: बाहेरून रंग आला, आत पाणी राहिले, आणि तेच पाणी रात्रभरात बाहेरच्या कडेपर्यंत आले. भाजणीत मीठ, तिखट, ओवा, तीळ आणि वाटीमागे चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालून, उकळते पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवावे, आणि मग लागेल तेवढाच गोळा मळून सोऱ्यात भरावा. सगळे पीठ एकदम मळून ठेवू नये. तेल चांगले तापवून चकली सोडली की आच मध्यम करावी आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत ती काढू नये. मोहन जास्त झाले तर चकली तेलात सुटते, कमी झाले तर दात लागत नाही. म्हणून पहिल्यांदा एकच चकली तळून, पूर्ण थंड करून, मोडून पाहावी. डब्यात भरण्याआधी सगळ्या चकल्या कागदावर पसरून पुरत्या गार होऊ द्याव्यात, आणि पाऊस पडत असेल तर त्या उघड्यावर रात्रभर अजिबात ठेवू नयेत.